अकोला ते परतवाडा, मार्गे उणे अठरा

लिंबाच्या थंडपेयाची बाटली मी फ्रीजरमध्ये ठेवली आणि विसरलो, या प्रवासाचं मूळ तिथं आहे.

बायकोचे थोरले भाऊ बबनदादा लेकीच्या लग्नाची कामं नातेवाइकांत वाटायला परतवाड्याहून अकोल्याला आमच्याकडं आले होते. एप्रिलची दुपार. पाहुण्यांना काहीतरी गारेगार द्यावं म्हणून मी सकाळीच ती बाटली वरच्या खणात कोंबली होती. आठवण झाली तेव्हा पळत जाऊन काढली. बघतो तर आत सगळं पातळ. म्हटलं, वाचलो. दादांच्या हातात ऐटीत ग्लास दिला, झाकण फिरवलं, फस्स आवाज झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत आतलं पेय वरून खाली पांढरं होत होत गोठून गेलं. बाटली उलटी केली. हलवली. बुडाला थापट्या मारल्या. थेंब पडेना. दादा रिकामा ग्लास धरून बसलेले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हे तं जादूच करून राहिले तुमी."

दुसरा कोणी इथं शरमला असता. पण मी भूगोलाचा मास्तर. हायस्कुलात अर्धं आयुष्य टुंड्रा प्रदेश शिकवण्यात गेलं, आणि बर्फ म्हणाल तर गोळेवाल्याच्या रंध्याखाली पाहिला तेवढाच. घरबसल्या असा चमत्कार झाल्यावर मी गप्प कसा बसणार? दादांना थंडीवर एक छोटं व्याख्यान दिलं. त्यातलं अर्धं मला बोलता बोलताच सुचत होतं. आणि त्याच भरात म्हणून गेलो, "दादा, लग्नातल्या थंडपेयांचं काम माझ्याकडं द्या."

दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही, बहिणीकडं पाहिलं. त्याला कारण होतं. घरातल्या मागच्या लग्नात बँड माझ्याकडं होता, आणि मी सांगितलेल्या ठिकाणी अगदी वेळेवर हजर राहून तो बँड दुसऱ्याच नवरदेवाला वाजतगाजत घेऊन गेला होता.

सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यायच्याकडं द्या, दादा. मी आहे न."

तिच्या माहेरी तिचं 'मी आहे न' म्हणजे स्टँपपेपर. दादांनी लगेच मान डोलावली. फेटे साडूंकडं, फुलं चुलतभावाकडं, थंडपेयं माझ्याकडं. आणि थंडपेय म्हणजे नुसतं थंडपेय नव्हतं. व्याही पुण्याचे, पहिल्यांदाच वऱ्हाडात येणार, तेही मे महिन्यात. ते जानवशावर उतरले की पहिल्यांदा त्यांच्या हातात आपल्या बगीच्यातल्या संत्र्याचं सरबत पडलं पाहिजे, ही दादांची एकच हौस होती. त्यासाठी मृग बहाराची संत्री त्यांनी आमच्याकडं पाठवली होती. सुनंदानं ती सोलून, पिळून, पाक करून दाट सरबताचे कॅन भरून ठेवले होते. वेळेवर पाणी घातलं की झालं. घराण्याची अब्रू आमच्या न्हाणीघराशेजारी प्लास्टिकच्या कॅनमध्ये उभी होती, आणि ती परतवाड्याला नेणारा मी होतो.

अकोला

लग्नातल्या जेवणाचं आईस्क्रीम अकोल्याहूनच जाणार होतं. ते नेणारी गाडी म्हणजे मागं पांढरी पेटी असलेला छोटा ट्रक, आत कडाक्याची थंडी करणारं यंत्र. मी म्हटलं, गाडी जातेच आहे तर आपली पेयं त्यातच टाकू. बर्फाच्या लाद्या नकोत, पोती नकोत, लाकडाचा भुसा नको. या युक्तीवर मी इतका खूश झालो की सुनंदाला सांगायचं राहून गेलं. ती तर आधीच परतवाड्याला पोचलेली.

ड्रायव्हर सलीमभाई. आदल्या संध्याकाळीच सामान भरा म्हणाला. मी सरबताचे कॅन चढवले, ओळखीच्या डेअरीतून घेतलेले मठ्ठ्याचे मोठे कॅन चढवले, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे रचले. काचेच्या सोड्याच्या बाटल्या तेवढ्या सकाळी येणार होत्या.

"पोचेपर्यंत थंड राहील न सगळं?" मी विचारलं.

सलीमभाईला ते लागलं. "सर, आपल्या गाडीतला माल गरम झाला असं कोनी म्हटलं न, तं गाडी विकून टाकीन आनि मिर्च्या विकाले बसीन."

पेटीच्या दाराशेजारी एक आकडा लाल चमकत होता. उणे अठरा. मी त्याच्याकडं अभिमानानं पाहिलं. टुंड्रा प्रदेशातल्या हिवाळ्याची सरासरी मी मुलांना अनेकदा फळ्यावर लिहून दिली आहे. या आकड्याचा मठ्ठ्याशी काही संबंध असेल हे मात्र डोक्यात आलं नाही. भूगोलात मठ्ठा नसतो.

सकाळी सोड्याच्या पेट्या आल्या. त्यांच्याबरोबर दुकानदारानं लिंबाच्या थंडपेयाचं एक बंद खोकं आपलेपणानं वर टाकलं. तेही दाराजवळ ठेवून आम्ही निघालो.

आकोटचा रस्ता

जे उत्तर ध्रुवाकडं गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उत्तर ध्रुव आमच्या पाठीमागं होता, एका पत्र्याच्या पलीकडं. पत्र्याच्या अलीकडं, कॅबिनमध्ये, वऱ्हाडातला मे महिना होता. पेटीतली सगळी गरमी यंत्र बाहेर फेकत होतं आणि त्यातली बरीचशी माझ्या खिडकीतून आत येत होती. दोन्हीकडं काळी शेतं भेगाळून पडलेली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, झाडाखाली बकऱ्यासुद्धा एकमेकींपासून अंतर ठेवून बसलेल्या. डोक्याला उपरणं गुंडाळून मी खिडकीबाहेर हात काढला आणि परत आत घेतला. आत बरं होतं.

आकोट यायच्या जरा आधी मागून आवाज आला. ढब्.

सलीमभाईनं गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चारही टायरांना लाथा मारल्या. टायर ठीक. निघालो. पुन्हा ढब्. पुन्हा उतरला. या खेपेला मीही उतरलो आणि अनुभवी माणसासारखी एक लाथ मारली. चप्पल वितळलेल्या डांबराला चिकटली, पाय पुढं आला.

"स्टेपनी असन," मी म्हणालो.

"स्टेपनी घरी आहे सर."

मग त्या आवाजाकडं लक्ष द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं.

आकोटला आलुबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा असा की कानातून वाफ निघावी. हॉटेलातलं पाणी तोंडात घेतलं तर ते चहाला ठेवल्यासारखं. मला एकदम आठवलं, आपल्या मालकीचं थंडगार पाणी मागं गाडीत आहे.

सलीमभाईनं पेटी उघडली. पांढरा धूर बाहेर लोटला. आजूबाजूचे लोक आधी मागं सरले आणि मग लगेच पुढं आले, कारण धूर गार होता. मी हात घालून एक बाटली ओढली. दगड. दुसरी घेतली. दगड. सगळ्या बाटल्या पोटं फुगवून बसलेल्या, बुडं अशी बाहेर आलेली की एकही सरळ उभी राहीना.

नंतर एकेकाची भेट घेत गेलो. सोड्याच्या निम्म्या बाटल्या फुटल्या होत्या. काच गळून पडलेली आणि सोडा बाटलीच्या आकारात तसाच उभा, जणू कोणी सांगितलंच नाही त्याला. आमचा ढब् तो होता. मठ्ठ्याच्या कॅनला कडेनं वीतभर पांढरी भिंत धरलेली आणि मधल्या खळग्यात थोडा मठ्ठा अजून पातळ. बोट बुडवून चाटलं आणि माझा चेहरा पाहून सलीमभाईनं विचारलं, "काय झालं, सर?" पाण्यानं गोठता गोठता सगळं मीठ मधल्या मठ्ठ्यात ढकलून दिलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यापेक्षा अळणी.

मग देवाचं नाव घेऊन सरबताचा कॅन उघडला. पण सरबत दगड झालं नव्हतं. इतक्या साखरेला गोठणं जमलं नसावं. ते कॅनमध्ये कसंबसं, जाड, नारिंगी, मुरांब्यासारखं हलत होतं. ओतायला गेलं तर येत नव्हतं, पण जिवंत होतं.

आईस्क्रीमच्या डब्यांमागं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या निघाल्या. त्या मी ठेवल्या नव्हत्या. त्यातलं पेय मात्र इकडून तिकडं छान डुचमळत होतं. उणे अठरानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"हे काय?"

"सर्दीचं औषध आहे, सर. दादाच्या एका दोस्ताचं. नाव नका विचारू, मी जबान देल्ली आहे."

"सलीमभाई, मशीन बंद करा," मी म्हणालो. "सगळं वितळू द्या."

"अन् आईस्क्रीम?"

हा प्रश्न मी मुलांना परीक्षेत विचारला असता तर दहा गुणांचा झाला असता. यंत्र चालू ठेवावं तर व्याह्यांना प्यायला दगड. बंद करावं तर संध्याकाळच्या पंगतीत आईस्क्रीमचं सूप. आणि दोन्हीकडून शेवटी एकच होणार होतं. दादा माझ्याकडं बघणार नव्हते, बहिणीकडं बघणार होते.

अंजनगाव

उपाय शेवटी मीच काढला, म्हणून तो कसा होता ते सांगतो. आईस्क्रीम मागं राहू द्यायचं आणि आपला माल पुढं, मे महिन्यात, आणायचा.

पाण्याच्या बाटल्या टपावर ताडपत्रीत बांधल्या. मठ्ठ्याचा एक कॅन माझ्या पायांत, दुसरा सलीमभाईच्या आणि माझ्या मध्ये, सरबताचा एक मांडीवर, बाकीचे सीटच्या पाठीमागं. पाण्याची एक बाटली मी बनियन आणि शर्टाच्या मध्ये सोडली. ती वितळवण्यासाठी नव्हती, माझ्या स्वतःच्या सुखासाठी होती, आणि ते सुख शब्दांत सांगण्यासारखं नाही. लिंबाचं बंद खोकं मात्र या गडबडीत मागंच राहिलं.

अंजनगावचे पानमळे आले आणि गेले. एरवी मी तिथं उतरून चार पानं बांधून घेतो. आज उतरता येणं शक्यच नव्हतं. कंबरेपासून वर मी उन्हाळ्यात होतो आणि खाली आर्क्टिक वृत्तात. मांड्या बधिर झालेल्या आणि कपाळावरून घाम टपटप सरबताच्या कॅनच्या झाकणावर. एकाच माणसात दोन कटिबंध मी यापूर्वी पाहिले नव्हते.

फोन वाजला. सुनंदा.

"कुठं आहे तुमी?"

"अंजनगाव सोडलं."

"सगळं थंड आहे न?"

"थंडीची काळजीच करू नको."

ती म्हणाली, "आवाज असा कावून येऊन राहिला तुमचा?"

"मांडीवर कॅन आहे."

"कॅन मांडीवर कावून आहे?"

"हेलो? हेलो?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. सलीमभाई रस्त्याकडं बघून हसत होता. "सर, भाभीले नेटवर्क आहे म्हनून माहीत आहे," तो म्हणाला.

परतवाडा

जानवशाच्या दारात सुनंदा उभी होती, नऊवारी नेसून, नाकात नथ, हातात आरतीचं ताट. मला दोन माणसांनी धरून उतरवलं. मांड्या माझ्या नव्हत्या. तिनं ताट बाजूला ठेवलं, मठ्ठ्याच्या कॅनचं झाकण काढलं, आत पाहिलं. मठ्ठा आता बराच वितळला होता, पण त्याचा मठ्ठा राहिला नव्हता. वर हिरवट पाणी आणि खाली पांढरी भुसभुशीत साय, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तिनं सरबताचा कॅन पाहिला. टपावरच्या ताडपत्रीतून ठिबकणाऱ्या बाटल्या पाहिल्या. मग माझ्याकडं पाहिलं.

काही बोलली नाही.

आता ज्यांचं लग्न झालं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बोलली असती तर मी तयार होतो. अंजनगावपासून उत्तरं जुळवत आलो होतो.

तिनं पदर खोचला आणि वहिनींना हाक मारली, "वैनी, मोठी रवी काढा." मग माहेरच्या सगळ्या बाया कामाला लागल्या. रवीला दोर लावून मठ्ठा पुन्हा घुसळायला घेतला, वर भरड जिरं आणि कोथिंबीर पडली, आणि रुसलेली दोघं एकमेकांत मिसळली. बोअरचं पाणी टाकीत तापून कढत झालेलं, ते मोठ्या घंगाळात ओतून त्यात गोठलेल्या बाटल्या सोडल्या, अशानं पाणी निवलं आणि बाटल्याही सुटल्या. सरबत ओतलं जात नव्हतं, तर सुनंदानं ते डावानं ग्लासात घातलं, खाली नारिंगी बर्फाचा चिखल आणि वर गार पाणी. मी मध्ये मध्ये 'साखरेमुळं त्याचा गोठणबिंदू' असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. वहिनींनी माझ्या हातात ग्लासांचा ट्रे दिला.

तेवढ्यात बस आली.

व्याही उतरले. टोपी, चष्मा, गळ्याभोवती एवढ्या उन्हातही रेशमी रुमाल. दादा हात जोडून पुढं झाले. "या, या. आदी थंड घ्या. आपल्या बगीच्याची संत्री आहे."

व्याही म्हणाले, "थंड नको. माझा घसा लगेच धरतो. संध्याकाळी मंगलाष्टकं म्हणायची आहेत, मीच रचली आहेत. साधं पाणी मिळेल का?"

साधं. दादांनी बहिणीकडं पाहिलं. घंगाळात बर्फासारखं, टाकीत चहासारखं, आणि मधलं काही आख्ख्या जानवशात नव्हतं. वऱ्हाडात मे महिन्यात दारात आलेला माणूस साधं पाणी मागेल याची तयारी कोणी करत नाही. आमच्याकडं पाहुणा 'नको नको' म्हणतो आणि आपण ओतत राहतो, अशी रीत. पुण्याची माणसं 'नको' म्हणाली की त्यांना नकोच असतं.

आणि माझ्या पोटाशी काहीतरी हललं.

मी मागं वळलो, शर्टाच्या आतून ती आकोटची बाटली काढली, उपरण्यानं पुसली. पूर्ण वितळली होती. गार नाही, गरम नाही. झाकण सीलबंद. मी ती दोन्ही हातांनी व्याह्यांपुढं धरली. त्यांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"वा," ते म्हणाले. "बरोबर हवं तसं. कशात ठेवता हो तुम्ही?"

"वेगळी व्यवस्था आहे," मी म्हणालो.

सुनंदाची नजर माझ्या शर्टावर होती. पोटाच्या मधोमध बाटलीएवढा ओला उभा डाग पडला होता.

इतक्यात सलीमभाईनं आईस्क्रीम उतरवताना ते लिंबाचं खोकं खाली आणलं. "हे बी थंड आहे, सर, पण पातळ आहे," तो म्हणाला आणि त्यानं विहीणबाईंच्या हातात एक बाटली दिली. मला ओरडावंसं वाटलं, पण उशीर झाला होता. त्यांनी झाकण फिरवलं. फस्स. पेय वरून खाली पांढरं होत गेलं.

विहीणबाई बाटलीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी ती मांडीवर आपटून, बोटानं दाबून, आतला भुसभुशीत बर्फ तोंडात घेतला आणि सगळ्यांना हाका मारल्या. जानवशात दर मिनिटाला फस्स आवाज येऊ लागला. नवरदेवाचे मित्र रांगेत उभे राहिले. हे बघून व्याह्यांच्यानं राहवेना. त्यांनी संत्र्याच्या ग्लासातला तळाचा चिखल चमच्यानं चाखून पाहिला. "हे तर अगदी थोडंसंच आहे," ते म्हणाले, आणि मग तसं म्हणत म्हणत त्यांनी किती ग्लास रिकामे केले हे मोजण्याइतके उद्धट आम्ही नव्हतो. दादा प्रत्येक ग्लासागणिक एकेक बोट उंच होत होते.

संध्याकाळी व्याही मांडवात उभे राहिले, खिशातून कागदांची जाड घडी काढली, तोंड उघडलं, आणि आतून दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तोही आला नाही. भटजींनी वेळ न घालवता नेहमीची मंगलाष्टकं सुरू केली आणि अक्षता मुहूर्तावर पडल्या. आईस्क्रीम घट्ट होतं. पंगतीत दादा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ती घडी पाहिली होती न तुमी? जवाईबापू, मुहूर्त वाचवला तुमी."

दादांचा दोस्त कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र वरातीत एक गृहस्थ फार मोकळेपणानं नाचत होते.

परत अकोला

एसटीत सुनंदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. घरी येऊन तिनं बॅगा उघडल्या, कपडे धुवायला टाकले, तो डाग पडलेला शर्ट जरा वेळ हातात धरून पाहिला आणि बादलीत टाकला. माझा धीर संपला.

"तू काहीच म्हटलं नाही मला," मी म्हणालो.

ती माठातून पाणी घेत होती. ग्लास माझ्यापुढं ठेवला. "दादाचा फोन आला होता. धाकट्याचं जमून राहिलं आहे, दिवाळीनंतर. तुमच्याकडं कोन्तं काम द्यावं म्हनून विचारत होता."

"मग?"

"म्हटलं, फेटे द्या, मी आहे न," ती म्हणाली. "फेटे गोठत नाईत."